हौदाच्या भिंतीवरची काळी खपली पाण्याने हिरवी झाली. हे शेवाळ की आणखी काही?

परसदार
२ सप्टेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आमचं घर सोलापुरात बाळीवेशीच्या आत, जुनं, दगड-चुन्याचं. परसात न्हाणीला लागून हौद आहे. पाणी चार दिवसाआड येतं, त्यामुळे आलं की काठोकाठ भरून ठेवायचं, आणि भरताना तो हमखास सांडतो. जिथून सांडतो तिथे भिंतीवर दोन हात रुंद काळा पट्टा आहे. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून बघते आहे. हात फिरवला की खरखरीत लागतो. कारळाची चटणी भिंतीवर थापून वाळवली तर दिसेल तसा. मी आजवर त्याला मळच समजत होते.

दसऱ्याआधी घराला रंग द्यायचा आहे. काल गवंडी तारेचा ब्रश घेऊन आला. सासूबाई म्हणाल्या, आधी पाणी मार, धूळ उडेल. मी तांब्याभर पाणी ओतलं आणि ब्रश आणायला आत गेले. परत आले तर पट्टा हिरवागार! मिनिटभरसुद्धा झालं नसेल. गवंडीही बघत राहिला. मी त्याला म्हटलं, आज राहू दे.

हे काय आहे? खरवडून टाकावं की ठेवावं? भिंतीला धोका आहे का? सासूबाईंचं म्हणणं काढून टाक, कारण गेल्या पावसाळ्यात त्या न्हाणीच्या दारात शेवाळावरून घसरल्या होत्या आणि महिनाभर मनगट प्लास्टरमध्ये होतं.

चाटी गल्ली
२ सप्टेंबर, रात्री १०:१५

शेवाळच की ओ ताई ते. आमच्या गच्चीवर बी हाय. पाऊस पडला की बुळबुळीत होतंय, पाय ठेवला की गेलाच. ब्लीचिंग पावडर टाका, दोन दिवसात जातंय बगा.

ज्वारीचं कणीस
२ सप्टेंबर, रात्री १०:४०

फोटो टाका ना. मला वाचून दगडफूल वाटलं. काळ्या मसाल्यात घालतो ते. तेही वाळलेलं काळपट-करडं असतं आणि पाण्यात टाकलं की मऊ पडतं.

गडग्यावरची वेल
३ सप्टेंबर, सकाळी ७:३०

मी दापोलीची. आमच्याकडे जून ते ऑक्टोबर जांभ्याचा प्रत्येक गडगा मखमलीसारखा हिरवा असतो, ते मॉस. पण सोलापुरात? तुमच्याकडे वर्षभरात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्याकडे तेवढा कधी कधी एका आठवड्यात होतो. मे महिन्यात ४४ अंशाला मॉस कसं जगेल? मला खरंच जाणून घ्यायचंय.

निवृत्त मास्तर
३ सप्टेंबर, दुपारी ४:०५

परसदार ताई, त्या गवंड्याला थांबवलंत ते फार बरं केलंत.

मी सोलापुरात बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. दर पावसाळ्यात पोरांना भिंती दाखवायला न्यायचो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या बोलण्यात शेवाळ या एका शब्दात तीन निराळ्या गोष्टी येतात. सासूबाई ज्यावरून घसरल्या ते खरं शैवाल, म्हणजे अल्गी किंवा नील-हरित जीवाणू. त्याला खोड नाही, पान नाही, नुसता बुळबुळीत थर. चाटी गल्लीकरांच्या गच्चीवरही बहुधा तेच. दुसरं दगडफूल. ती बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी, झाडांच्या सालीवर आणि दगडावर चपट्या पापुद्र्यासारखी वाढते. मसाल्यातलं दगडफूल डोंगराळ जंगलातल्या झाडांवरून येतं. कणीस, तुमच्या घराच्या भिंतीवर करडे-पांढरे डाग दिसले तर ते मसाल्यात घालू नका बरं का. तिसरं मॉस. मराठी परिभाषेत हरिता असाही एक गोड शब्द आहे. या झाडाला खोड असतं, पानं असतात, सगळं बोटभरसुद्धा नाही, पण झाड ते झाडच. शाळेच्या पुस्तकात 'वनस्पतीसृष्टीचे उभयचर' म्हणून ज्यांचा धडा होता, त्यातलंच हे.

तुमचं वर्णन वाचून माझी जवळजवळ खात्री आहे की हे हायोफिला इन्व्होल्युटा नावाचं मॉस. उष्ण कटिबंधात, आशियापासून आफ्रिका आणि अमेरिकेपर्यंत, जुन्या भिंती, पुलांच्या मोऱ्या, ओढ्याकाठचे चुनखडक अशा जागी ते सापडतं. उत्तर अमेरिकेत थंड मुलखातही ओढ्या-तळ्यांच्या काठच्या चुनखडीवर आहे. इन्व्होल्युटा म्हणजे आत वळलेलं. तेच त्याचं सगळ्यात मोठं लक्षण.

ओलं असताना वरून बघा. प्रत्येक रोप एक छोटी चांदणी. उंची पाच ते दहा मिलिमीटर. पानं दोन-तीन मिलिमीटरची, चमच्याच्या आकाराची, बुडाशी निमुळती, टोकाकडे रुंद. मधोमध एक जाड शीर थेट टोकापर्यंत जाते. टोकाजवळच्या कडेला बारीक दाते असतात, ते भिंगातून दिसतील. शिरेचा भाग सोडला तर पान एकाच पेशीच्या थराचं आहे. आपल्या पिंपळाच्या, तुळशीच्या पानाला वरून मेणचट आवरण असतं, पाणी आत जात नाही आणि बाहेरही पटकन येत नाही. याला तसं आवरण जवळजवळ नाहीच. खाली आहेत ते मुळांसारखे धागे, मूलाभ, ते फक्त धरून ठेवायला. पाणी पिणारी मुळं नाहीत, पाणी वर नेणाऱ्या नळ्या नाहीत. पाणी पडलं की सगळ्या अंगाने प्यायचं, ऊन आलं की सगळ्या अंगाने वाळायचं.

वाळताना पानाच्या दोन्ही कडा आत वळतात आणि पानाची सुरळी होते. हिरवा भाग आत जातो, शिरेची तपकिरी पाठ बाहेर राहते. तुम्हाला दिसणारी काळी खपली म्हणजे हजारो मिटलेल्या सुरळ्या. तांब्या ओतलात आणि सगळ्या एकदम उलगडल्या. मेलेलं काहीच नव्हतं.

दापोलीच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ४४ अंशाला ते जगत असतं, पण वाळलेल्या अवस्थेत. कोरडं मॉस जितकी उष्णता सोसतं तितकी ओलं मॉस सोसू शकत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात ओलं राहणंच त्याला महागात पडलं असतं.

परसदार
३ सप्टेंबर, रात्री ९:२०

सर, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. 'पाठ बाहेर राहते' हे ऐकून त्या म्हणाल्या, थंडीत पोर पांघरुणात मुटकुळं करून निजतं तसं. आज संध्याकाळी त्या स्वतः खुर्ची घेऊन हौदाजवळ बसल्या आणि मला म्हणाल्या, वत पाणी.

फोटो टाकले आहेत. एक कोरडा, एक ओला. पोराच्या कंपासपेटीतल्या भिंगातून बघितलं. पानांच्या बेचक्यात बारीक तपकिरी दाणे दिसतायत, खसखशीहून कितीतरी बारीक. ते काय? किड्यांची अंडी तर नाहीत ना?

दहापट भिंग
३ सप्टेंबर, रात्री ११:१०

अंडी नाहीत ताई! मी सोलापूरचीच, सध्या पुण्यात वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करते. ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळाले तर अक्षरशः श्वास रोखला जातो. पानाच्या बेचक्यात एक नाजूक फांदीदार देठ असतो आणि त्याच्या टोकांना चांदण्यांसारखे, कोपरे बाहेर आलेले, अनेक पेशींचे कण. त्यांना जेमा म्हणतात. पाण्याच्या थेंबाबरोबर ते सुटतात, वाहत खाली जातात आणि जिथे अडकतील तिथे नवं रोप. बी नाही, फूल नाही, नर-मादीची गाठ पडायची गरज नाही.

तुमचा पट्टा सांडणीच्या रेघेबरोबर वरून खाली आलाय, तो बहुतेक याच्यामुळेच. हौद प्रत्येक वेळी सांडला की थोडी पेरणी झाली.

या जातीत नर रोप वेगळं, मादी रोप वेगळं. नराच्या शुक्रपेशींना पाण्यातून पोहत मादीपर्यंत जावं लागतं, त्यामुळे दोघं शेजारी नसली तर बीजाणू, म्हणजे बियांचं काम करणारे सूक्ष्म कण, धरतच नाहीत. अशा वेळी सगळा प्रपंच हे कणच चालवतात.

पहाटफेरी
४ सप्टेंबर, सकाळी ८:४५

मी रोज सकाळी भुईकोट किल्ल्यात फिरायला जातो. रात्री हा धागा वाचला आणि आज तटाकडे निराळ्या डोळ्यांनी पाहिलं. परवाच्या पावसाने भिंत ओली होती. काळ्या पाषाणाचे चिरे कोरे, आणि त्यांच्यामधल्या दरजा हिरव्या. लांबून बघितलं तर कुणीतरी हिरव्या खडूने प्रत्येक चिऱ्याला चौकट आखली आहे असं वाटतं. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला, जिथे सावली जास्त वेळ राहते, तिथे रेघा जाड. उन्हाच्या अंगाला त्या तुटक.

इतकी वर्षं फिरतोय, कधी दिसलं नव्हतं. सर, दगड सोडून दरजेतच का?

निवृत्त मास्तर
४ सप्टेंबर, सकाळी ११:३०

कारण दरजेत चुना आहे. हायोफिलाला चुना लागतो. आपला काळा दगड बेसॉल्ट, लाव्हारसाचा, कठीण आणि गुळगुळीत. त्यावर पाणी ठरत नाही. चुन्याची दरज सच्छिद्र, पाणी धरून ठेवते. दुष्काळी मुलखात दोन तास जास्त ओल मिळाली तरी या झाडाला तो मोठा फायदा. सिमेंटमध्येही चुन्याचा अंश असतो, म्हणून नव्या घरांच्या पन्हाळीखाली आणि पुलांच्या मोऱ्यांवरही हे दिसतं. म्हणजे चुनखडकाचं हे झाड माणसाच्या भिंतींमागोमाग आपल्या पठारावर सगळीकडे पसरलेलं दिसतं. मला ही गोष्ट शिकवतानाही दर वर्षी नव्याने आवडायची.

घरी बघायचं असेल तर दरजेवर लिंबाचे दोन थेंब टाका, बारीक फेस येईल. दगडावर येणार नाही. हे घराच्या भिंतीवरच करा. किल्ला संरक्षित स्मारक आहे, तिथे नख लावायचं नाही.

त्याच तटावर जिथे लोकांचा वावर जास्त, पायऱ्यांच्या कडेला, तिथे तुम्हाला एक रुपेरी मॉसही दिसेल. ते ब्रायम अर्जेंटियम. त्याच्या पानांच्या टोकाकडच्या पेशींत हरितद्रव्य नसतं म्हणून ते चंदेरी चकाकतं. ते अंटार्क्टिकापासून आपल्या फुटपाथपर्यंत कुठेही आढळतं. पण वाळल्यावर त्याच्या सुरळ्या होत नाहीत, पानं खोडाला चिकटून बारीक वातीसारखी दिसतात. दोन्ही शेजारी शेजारी वाढतात, तरी एकदा ओळख पटली की घोटाळा होत नाही.

गवंडीकाम
४ सप्टेंबर, रात्री ८:००

जुन्या वाड्यांची चुन्याची कामं करतो. शास्त्र मला कळत नाही, भिंतीपुरतं सांगतो.

या हिरव्यामुळे भिंत पडलेली मी पाहिली नाही. भिंत फोडतो तो पिंपळ आणि वड. त्यांचं मूळ दरजेत शिरतं, फुगतं आणि चिरा बाहेर ढकलतं. ते बोटभर असतानाच उपटायचं. हे हिरवं पावशेर मातीसुद्धा धरत नाही. पण ते जिथे आहे तिथे पाणी मुरतंय एवढं नक्की समजायचं. त्याला खरवडून काय होणार? पाणी तिथेच राहिलं तर पुढल्या वर्षी परत येणार, आणि तोवर भिंतीच्या पोटात ओल जाणार.

दोन गोष्टी मात्र करू नका. एक, तारेचा ब्रश. चुन्याची दरज मऊ असते, मॉसबरोबर अर्धा इंच चुनाही निघून येतो. दोन, ॲसिड. फरशी धुवायचं ॲसिड लोक भिंतीवर मारतात. सरांनी लिंबाचं सांगितलं ना, ॲसिडने तोच फेस शंभरपट येतो. मग दरजेत काय उरणार? काढायचंच असेल तर ओलं असताना बांबूच्या कांबीने हलकं सोडवा. आणि आधी हौदाला सांडणीची तोटी बसवा, पाणी भिंतीपासून वीतभर लांब पडू दे.

ज्वारीचं कणीस
४ सप्टेंबर, रात्री ९:१५

दगडफुलाचं समजलं सर, धन्यवाद. आता एक आठवण. लहानपणी संक्रांतीला सोलापूरच्या गड्डा जत्रेत एक बाई सुकलेल्या मुठी विकायला बसायची. तपकिरी, मिटलेल्या. वाटीत पाणी घालून टाकली की रात्रीत हिरवी उघडायची. ती 'संजीवनी' म्हणायची. मी हट्ट करून घेतली होती आणि देव्हाऱ्याजवळ ठेवली होती. तीही मॉसच का?

दहापट भिंग
४ सप्टेंबर, रात्री १०:०५

ती सेलाजिनेला. करामत तीच, पण घराणं वेगळं. सेलाजिनेला मॉस नव्हे, नेचांसारखं तिच्या अंगात पाणी वाहणाऱ्या नळ्या असतात आणि खरी मुळं असतात. शिवाय ती डोंगरातल्या खडकांवरून उपटून विकायला आणतात, म्हणून मी विकत घेत नाही. तुमच्या परसातली संजीवनी फुकट आहे आणि तिला उपटायची गरज नाही.

परसदार
५ सप्टेंबर, दुपारी २:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. एक अडचण आहे. गवंडीकाम दादा म्हणतात तोटी बसवा, ते पटतं. पण तोटी बसवली की भिंतीवर पाणीच येणार नाही. मग हे मरेल का? आता मला त्याची काळजी वाटायला लागली आहे. मी रोज दुपारी चार-पाच वेळा तांब्या ओततेय, ते चालेल ना?

निवृत्त मास्तर
५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४०

दुपारचा तांब्या आजपासून बंद करा, हात जोडून सांगतो. मायेपोटी नुकसान होईल.

झोपेतून उठल्यावर या झाडाला आधी स्वतःची डागडुजी करावी लागते. वाळताना पेशींची जी मोडतोड झाली ती सांधायला साठवलेलं अन्न खर्च होतं. त्यानंतर ओल आणि उजेड मिळून काही तास लाभले तर ते नवं अन्न तयार करतं आणि खर्च भरून निघतो. दुपारच्या उन्हात तुम्ही ओतलेलं पाणी पंधरा मिनिटांत उडतं. खर्च झाला, कमाई शून्य. असं दिवसातून पाच वेळा, महिनाभर केलं तर साठा संपतो आणि मग ते खरंच मरतं. ओलं करायचंच तर सकाळी लवकर, चांगलं निथळेपर्यंत. नाहीतर अजिबात नको.

तोटी बसवा. भिंत आधी. हे झाड तुमच्या सांडणीवर पोसलं असेल, पण सांडणीवाचून मरणारं नाही. मिटून बसेल आणि पावसाची वाट बघेल. आपला खरा पाऊस सप्टेंबरचाच. मृग कोरडा गेला तरी उत्तरा-हस्त सहसा हात देतात.

आता माझं एक काम कराल? पावसानंतर रोज नाही, पण आठवड्यातून एकदा भिंगातून बघत जा. रोपांच्या टोकातून केसासारखा सरळ देठ वर आलेला दिसला तर मला कळवा. सेंटीमीटरभर उंच, टोकाला उभी नळकांड्यासारखी बीजाणूंची कुपी. पाठ्यपुस्तकातल्या फ्युनारिया या मॉसची कुपी मान खाली घालते, हिची ताठ असते. झाकण गळून पडल्यावर फ्युनारियाच्या तोंडाशी दातांची झालर दिसते, हिच्या तोंडाशी एकही दात नसतो. शहरातल्या भिंतींवर मला ती फार कमी वेळा मिळाली. दिसली तर नाव शंभर टक्के पक्कं होईल, शिवाय नर आणि मादी दोन्ही तुमच्या हौदावर आहेत हेही कळेल.

चाटी गल्ली
६ सप्टेंबर, रात्री ९:००

सर, लिंबू टाकून बघितलो. आमच्या जुन्या भिंतीच्या दरजेत फेस आला, दगडावर काय नाही. आमची आई म्हणली लिंबू महाग झालंय, भिंतीला कशाला पाजूलालास. पण तिला भिंगातून दाखवलो तवा ती बी अर्धा तास हलली नाही तिथून. गच्चीवरचं मात्र बुळबुळीतच हाय, ते शैवाल. पटलं. ते घासून काढलो. भिंतीवरचं ठेवलो.

परसदार
१९ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

धागा वर काढते आहे.

दसऱ्याआधी रंग झाला. तोटी बसवली. हौदाच्या खालचा पट्टा रंगवला नाही, त्याच्याभोवती गवंड्यानेच दोरी धरून सरळ रेघ मारून दिली. पाहुणे विचारतात ही जागा का सोडली, तर सासूबाई सांगतात आणि मग पाणी ओतून दाखवतात. सकाळचे असतील तरच. दुपारी आलेल्यांना थांबावं लागतं.

हस्ताच्या पावसात तीन दिवस भिंत सलग ओली होती. त्यानंतर पट्टा मिटलाच. खालची कड, जिथे पूर्वी सगळ्यात दाट होतं, तिथे थोडं विरळ झालंय. मला वाईट वाटलं, पण भिंतीची ओल गेली आहे. आतल्या खोलीतला पोपडाही थांबला.

आणि सर, आज भिंग लावलं. डाव्या कोपऱ्यात, तुळशीच्या कट्ट्याची सावली पडते तिथे, तीन देठ आहेत. तांबूस-पिवळे, सरळ उभे, शिवणाच्या दोऱ्याहून बारीक. दोघांच्या टोकाला लांबट कुप्या, वर टोकदार झाकण. तिसरीचं झाकण पडलंय. तोंड गोल, कोरं. मी चार वेळा बघितलं. दात नाहीत.

निवृत्त मास्तर
१९ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

हात लावू नका. पाणीही घालू नका. रविवारी सकाळी सात वाजता येतो, माझं भिंग घेऊन. सासूबाईंना सांगा, त्यांची खुर्ची तिथेच असू दे.